फेसाशिवाय न्हाणं

भोपाळात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे सरकतो, हवा कोरडी ठक्क होते आणि कुरळे केस हाताला खरखरीत लागू लागतात. जूनच्या अखेरीस पाऊस आला की बड्या तालाबावरून ओला वारा सुटतो आणि तेच केस फुगून चेहऱ्याभोवती पिंजारतात. दोन्ही ऋतूंत सल्ला एकच मिळतो : शॅम्पू बदला. मी आज वेगळं सांगणार आहे. केस कुरळे असतील, राठ असतील, तर बहुतेक वेळा शॅम्पू बाजूला ठेवा आणि कंडिशनरनेच केस धुवा. माझे केस कुरळे आहेत आणि मी हेच करते. त्यामागचं कारण कुरळे केस असलेल्या प्रत्येक घरात पोहोचावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी केसाकडे पाहू. कुरळा केस ज्या केशकूपातून उगवतो, तो कूपच त्वचेखाली वाकलेला असतो. सरळ केस आडवा कापला तर कडा साधारण गोल दिसते, कुरळ्या केसाची लंबगोल. टाळूतल्या ग्रंथी जी स्निग्धता सोडतात, ती सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसात ती पहिल्या काही वळणांतच अडते. त्यामुळे मूळ तेलकट आणि टोक कोरडं, अशी स्थिती होते. केसाच्या बाहेरच्या थरातले खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, पण वळणाच्या जागी ते जरा उचकटलेले राहतात. तिथून ओलावा आत शिरतो आणि बाहेरही पडतो. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. केसातल्या प्रथिनांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध ओलाव्यानं सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. जुलैच्या दमट हवेत हे दिवसभर चालूच राहतं, म्हणून सकाळी बसलेले केस दुपारपर्यंत फुगतात. यात केसांचा काही दोष नाही आणि निगा राखणाऱ्या बाईचाही नाही.

आता शॅम्पूकडे. बहुतेक शॅम्पूंमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट असतं. त्यांचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेल पाण्याबरोबर वाहून जातं. तेलकट सरळ केसांना हे मानवतं. कुरळ्या केसांच्या टोकाशी मात्र मुळातच तेल नसतं. तिथे जी थोडीफार स्निग्धता टिकलेली असते, तीही जाते. शिवाय ही द्रव्यं ऋणभारित असतात आणि केसाचा पृष्ठभागही बहुतेक परिस्थितीत ऋणभारितच असतो. धुतल्यावर केस एकमेकांना दूर लोटतात, हवेत उभे राहतात. कंडिशनरमधली सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेंट्रिमोनियम मेथोसल्फेट यांसारखी द्रव्यं धनभारित असतात. ती केसाला, विशेषतः झिजलेल्या जागी, जाऊन चिकटतात, भार शमवतात आणि केस गुळगुळीत होतो. सोबत सिटाइल किंवा सिटेरिल अल्कोहोल असतं. ते केस कोरडे करणारं मद्यार्क नाही, मेणासारखा मऊ स्निग्ध पदार्थ आहे. हीच द्रव्यं थोडी स्वच्छताही करतात. टाळूवर ती बोटांनी चोळली की घाम, धूळ आणि टाळूची ताजी स्निग्धता सैल होते आणि पाण्यानं निघून जाते. फेस येत नाही, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. आपल्या मनात ही सांगड इतकी पक्की बसली आहे की फेसाशिवाय न्हाणं अर्धवट वाटतं.

या पद्धतीला पुस्तकाचं रूप दिलं न्यूयॉर्कमध्ये केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या लॉरेन मॅसी यांनी. त्यांचं 'कर्ली गर्ल' २००१ मध्ये आलं. सल्फेटचा शॅम्पू नको, पाण्यात न विरघळणारी सिलिकोनं नकोत, गरम यंत्रं नकोत, कोरड्या केसांवर ब्रश नको, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांनी ही पद्धत आपल्या दाट कुरळ्या केसांसाठी आपलीशी केली आणि तिच्यातले बारकावे वाढवले. आज भोपाळच्या मुली तीच पद्धत मोबाइलवर पाहून शिकतात.

पण केसांना ओरबाडू नये ही समज आपल्या घरांतही होती. १९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून बदली होऊन बरीच मराठी कुटुंबं इथे आली. पुढे भेलच्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, कारखान्यामुळे आणखी आली. त्यांच्या न्हाणीघरांत शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा होता. आदल्या रात्री खोबरेल तेल, सकाळी शिकेकाईचं पाणी, हा न्हाण्याचा क्रम होता. शिकेकाईतली सॅपोनिनं सौम्य असतात आणि तिचं पाणी किंचित आंबट असतं. केसाच्या दांड्याचा सामू (पीएच) सुमारे ३.६७, टाळूचा ५.५, म्हणजे दोन्ही आंबटाकडे झुकलेले. म्हणून किंचित आंबट पाण्यानं खवले बसलेले राहतात आणि क्षारीय साबणानं उचकटतात. रिठा मात्र शिकेकाईपेक्षा कडक. तो कुरळ्या केसांवर वारंवार वापरू नये.

आदल्या रात्रीच्या तेलाला तर प्रयोगशाळेतला पुरावा आहे आणि तो मुंबईतला आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. धुण्याआधी लावलेल्या खोबरेल तेलानं केसातल्या प्रथिनांची झीज स्पष्टपणे कमी झाली. बाकीच्या दोन तेलांनी तशी केली नाही. कारण खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ साखळीचं असतं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. कंपनी खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवून हा निष्कर्ष वाचावा, पण त्यातला रासायनिक तर्क मजबूत आहे. कुरळ्या केसांना तो विशेष उपयोगी आहे, कारण प्रत्येक धुण्यात झीज त्यांचीच जास्त होते.

भोपाळात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे नळाचं पाणी. शहराला बडा तालाब, कोलार, केरवा आणि नर्मदा यांचं पाणी मिळतं. पण शहराबाहेर पसरलेल्या अनेक वसाहती अजून बोअरवेलवर आहेत. भोपाळखाली एकीकडे विंध्य पर्वतरांगेचा वालुकाश्म आणि दुसरीकडे दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. खडकांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल, तर तोच थर केसांवरही बसतो. जड पाण्यात साबण तर वापरूच नये, कारण त्याचा न विरघळणारा मळ केसांत अडकतो. शेवटचा एक तांब्या आरओच्या पाण्याचा घेतला तरी केसांत फरक पडतो.

कृती अशी. धुण्याआधी तासभर केसांच्या लांबीला थोडं खोबरेल तेल लावा. मग केस पूर्ण भिजवा. सिलिकोन नसलेलं साधं कंडिशनर तळहातावर भरपूर घ्या. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना चांगला पसाभर लागतं, तिथे हात आखडू नका. ते आधी टाळूवर लावून बोटांच्या पेरांनी निवांत चोळा. नखं लावायची नाहीत. स्वच्छता इथे घर्षणातून होते, म्हणून हा भाग उरकू नका. नंतर उरलेलं लांबीवर पसरवून रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जा. गुंता ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच सोडवायचा. टाळू खळखळून धुवा. केस खरखरीत टॉवेलनं खसाखसा पुसू नका, मऊ सुती पंच्यात मुठीमुठीनं दाबा. वर थोडं जवसाचं जेल लावलं तर लडी टिकतात. मध्य प्रदेशात जवस भरपूर पिकतो आणि चौक बाजारातल्या पंसाऱ्याकडे सहज मिळतो. मूठभर जवस पाण्यात उकळा, पाणी बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळून घ्या. थंड झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. सरळ, पातळ, तेलकट केस कंडिशनरनं चिपचिपीत होतात. कोंडा असेल तर नुसतं कंडिशनर पुरत नाही. कोंड्याशी संबंधित मालासेझिया ही बुरशी टाळूच्या स्निग्धतेवरच पोसते, आणि तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेला औषधी शॅम्पू लागतो. डोक्यावर थापून तेल घालणाऱ्यांचं तेलही यानं पूर्ण निघणार नाही. कंडिशनरच्या घटकांत डायमेथिकोन असेल, तर ते पाण्यात विरघळत नाही आणि थरावर थर साचतो. म्हणून महिन्यातून एकदोनदा सौम्य शॅम्पूनं केस स्वच्छ करावेतच. जड पाणी वापरणाऱ्यांनी ईडीटीए असलेला शॅम्पू निवडावा, तो खनिजांना धरून बाहेर काढतो. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एका लोकप्रिय क्लीन्झिंग कंडिशनरबद्दल केस गळण्याच्या आणि टाळूला खाज सुटण्याच्या तक्रारी आल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा टाळू खाजली, लाल झाली किंवा केस पुंजक्यानं गळू लागले, तर तिथेच थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण मात्र केवळ केस धुणं नाही. आपल्या घरांत कुरळ्या केसांची मुलगी लहानपणापासून ऐकत असते : काय हे पिंजारलेले केस, जरा विंचर, बांध ते. शाळेत तेल चोपडून दोन घट्ट वेण्या. लग्नाचं वय आलं की पार्लरमध्ये "दीदी, स्मूदनिंग करवा लो" म्हणून आग्रह, आणि आईचाही त्याला होकार. हजारो रुपये जातात, मुळाशी केस पुन्हा कुरळेच उगवतात आणि काही महिन्यांनी तीच खुर्ची. केस सरळ करणाऱ्या काही द्रव्यांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा गरम इस्त्रीनं त्यांतून ते सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य ठरवलं आहे. खुर्चीत बसलेल्या मुलीइतकीच झळ तिच्यामागे दिवसभर उभी राहून काम करणाऱ्या पार्लरमधल्या मुलीलाही लागते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

२०१६ मध्ये अभिनेत्री मिथिला पालकरनं कपावर ताल धरून एक जुनं मराठी गाणं गायलं. घराघरांत पाहिलेल्या त्या चित्रफितीत तिचे दाट कुरळे केस जसेच्या तसे होते. कुरळ्या केसांच्या मराठी मुलींना आपल्यासारखं कुणीतरी तेव्हा पडद्यावर दिसलं. असं दिसणं महत्त्वाचं असतं. पण पडद्यावरच्या कौतुकापेक्षा घरातला एक शब्द जास्त काळ टिकतो.

म्हणून आयांना, आज्यांना आणि मावश्यांना माझं सांगणं आहे. घरात कुरळ्या केसांची मुलगी असेल तर स्मूदनिंगचे पैसे वाचवा. साधं कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा आणि मऊ पंचा आणून द्या. येत्या रविवारी तिच्याजवळ बसून तिचा गुंता ओल्या केसांत, टोकाकडून, सावकाश सोडवा. आणि तिच्या केसांना पिंजारलेले म्हणणं आजपासून बंद करा.