हद्द कोणी ओलांडली?

एखादा क्रिकेटपटू काल ज्या देशाकडून खेळला त्याच देशाविरुद्ध आज मैदानात उतरला, की आपल्याकडील एरवी संयमी असलेला समाजदेखील फितुरी आणि गद्दारी हे शब्द इतक्या सहजतेने उच्चारू लागतो की, तोफखान्याचा कोणी सरदार रातोरात शत्रूच्या गोटात दाखल झाला असावा असे ऐकणाऱ्यास वाटावे. या संतापाच्या मुळाशी असलेले देशप्रेम खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु आरोपपत्रावर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी आरोपींची कैफियत निदान एकदा ऐकून घ्यावी, हा साधा न्याय येथेही लागू व्हावयास हरकत नसावी.

1946च्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध उतरलेला भारतीय संघ पाहा. त्यात मर्चंट, मांकड, अमरनाथ होते. सांगलीचे विजय हजारे होते, यष्टीमागे दत्ताराम हिंदळेकर होते आणि फिरकीस सदू शिंदे होते. कप्तान होते पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान, ज्यांनी चौदा वर्षांपूर्वी सिडनीच्या कसोटीत, आयुष्यातील पहिल्याच कसोटीत, शतक काढले होते, आणि तेही इंग्लंडच्या वतीने. याच अकरांत अब्दुल हफीज नावाचा लाहोरचा एक तरुण होता, जो पुढे अब्दुल हफीज कारदार या नावाने पाकिस्तानचा पहिला कसोटी कप्तान झाला. आणि गुल महंमद होते, ज्यांनी भारताकडून आठ कसोट्या खेळल्यानंतर 1956 साली कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानची टोपी घातली. एकाच संघात दोन-दोन देशांची सनद लाभलेले असे तीन पुरुष होते, आणि त्यांपैकी नवाबसाहेबांना कोणी फितूर म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. तनख्याच्या धन्याला जे शोभते ते पगारी माणसाला शोभत नाही, अशी आपली जुनी समजूत दिसते.

फाळणीच्या त्या महिन्यांतला एक धागा पुण्यातून जातो. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी निवडलेल्या भारतीय खेळाडूंचे सराव शिबिर 1947च्या ऑगस्टात पुण्यास भरले, तेव्हा त्यात लाहोरचे गोलंदाज फझल महमूद हेही दाखल झाले होते. शिबिर आटोपल्यावर पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडीत काही माथेफिरूंनी त्यांना ओळखले, तेव्हा सोबत असलेले सी. के. नायडू हातात बॅट घेऊन त्यांच्या आड उभे राहिले, असे फझल यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. लाहोर गाठल्यावर तेथील रक्तपात पाहून त्यांनी दौऱ्यातून आपले नाव मागे घेतले. आणि पाच वर्षांनी लखनौच्या कसोटीत भारताचे 12 बळी घेऊन पाकिस्तानला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे गोलंदाज हेच होते. ज्या प्रदेशात ते जन्मले तो प्रदेशच एका फर्मानाने दुसऱ्या दफ्तरात वर्ग झाला होता, तेव्हा त्यांनी कोणत्या देशाशी बेइमानी केली असे म्हणावे?

गुल महंमदांची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती अधिक बोलकी वाटते. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात, म्हणजे फाळणीला अवघे पाच महिने उरले असताना, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गायकवाडांचा बडोदा संघ आणि होळकरांचा संघ समोरासमोर आले. बडोद्यास हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या 288, गुल महंमदांच्या 319. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम पुढे जवळजवळ साठ वर्षे अबाधित राहिला. बडोद्याच्या याच संघातून खेळणारे अमीर इलाही वर्षअखेरीस भारताच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियास गेले व सिडनीची कसोटी खेळून आले. 1952च्या ऑक्टोबरात दिल्लीस भारत-पाकिस्तान यांच्यातील पहिली कसोटी झाली, तेव्हा हजारे व गुल महंमद भारताकडून खेळत होते, इलाही पाकिस्तानकडून, आणि पाकिस्तानचे कप्तान होते लॉर्ड्सवरचे तेच हफीज. सामना भारताने डावाने जिंकला. परंतु वडिलार्जित वाड्याच्या मधोमध भिंत घातल्यावर कोण कोणत्या सोप्यात निजला यावरून भावांची नियत ठरवू नये, एवढे तरी वाटण्या पाहिलेल्या आपल्या समाजास कळावयास हवे.

यावर असा आक्षेप निघेल की, फाळणी हा इतिहासाचा अपवाद होय, आणि आजचे खेळाडू सीमा सरकल्यामुळे नव्हे, तर पैशासाठी देश बदलतात. आक्षेपात तथ्य आहे. आयर्लंडचे उदाहरण घ्या. 2007च्या विश्वचषकात इंग्लंडकडून खेळणाऱ्या एड जॉइस या आयरिश फलंदाजाचा त्रिफळा आयर्लंडच्या बॉइड रँकिन यांनी उडवला. नंतर जॉइस परतून आयर्लंडकडून खेळू लागले, आणि रँकिन इंग्लंडकडे जाऊन कसोटी खेळून आले. मात्र आयर्लंडला कसोटीचा दर्जाच 2017 साली मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष पळून जाणाऱ्याचा किती आणि दार बंद ठेवणाऱ्यांचा किती, याचा हिशेब निराळा लागतो. धनाढ्य मंडळाने गरीब शेजाऱ्याचा कसलेला खेळाडू आयता उचलावा, ही गोष्ट मला अप्रशस्त वाटते. पण तेथे जाब विचारावयाचा तो खरेदीदारास.

आता आपल्या मुंबईकडे वळू. सौरभ नेत्रावळकर 2010 साली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळले. मुंबईकडून त्यांच्या वाट्यास रणजीचा एकच सामना आला. पुढची वाट दिसेना, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरात जे घडते तेच घडले: मुलगा संगणकशास्त्र शिकावयास अमेरिकेस गेला आणि नोकरीस लागला. 2024च्या जून महिन्यात डॅलस येथे पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून त्यांनी अमेरिकेस जिंकून दिले, तेव्हा आपल्या गल्लीबोळांत कौतुकाचे भरते आले. आणि सहाच दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये त्यांनी विराट कोहली यांना शून्यावर व रोहित शर्मा यांना तीन धावांवर बाद केले, तेव्हाही ते कौतुक फारसे ओसरले नाही. त्या सामन्यात भारत जिंकला, हे त्या औदार्याचे एक कारण असावे. हरला असता तर हीच जनता काय बोलली असती, याविषयी मी पैज लावणार नाही.

या साऱ्या प्रकरणात एक विसंगती मात्र मला विशेष खुपते. प्रक्षेपणाच्या हक्कांवरून 2004 साली दावा उभा राहिला, तेव्हा आपल्या क्रिकेट नियामक मंडळाने सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली की, मंडळ ही खाजगी नोंदणीकृत संस्था असून मैदानात उतरतो तो संघ मंडळाचा आहे, सरकारमान्य राष्ट्रीय संघ नव्हे. घटनेच्या अर्थाने मंडळ हे ‘राज्य’ नाही, असा निकाल पुढील वर्षी तीन विरुद्ध दोन मतांनी मंडळाच्या बाजूने लागलाही. जबाबदारीचा प्रश्न आला की संघ खाजगी, आणि निष्ठेचा प्रश्न आला की तोच संघ राष्ट्र, हा दुहेरी कारभार खेळाडूला मात्र करता येत नाही. परदेशी ट्वेंटी-20 लीगमध्ये खेळण्याची जी मुभा मंडळ महिला खेळाडूंना देते ती पुरुषांना देत नाही. बाहेर जावयाचे तर आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर करावी लागते. 2012 साली युवा विश्वचषक जिंकून देणारे कप्तान उन्मुक्त चंद यांना 2021 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तेच करून अमेरिकेची वाट धरावी लागली. ज्यांच्याशी मंडळाचा वार्षिक करार नाही आणि ज्यांची निवड होण्याचा संभवही नाही, अशा पुरुष खेळाडूंना निवृत्तीची अट न घालता ना-हरकत दाखला देण्यात यावा, आणि तो नाकारावयाचा झाल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत, अशी मागणी मंडळाच्या पुढील सर्वसाधारण सभेत मुंबई व महाराष्ट्र या दोन्ही संघटनांनी करावी.