विश्लेषण : चमकणारी पेशी नेमके काय सांगते?

उंदराच्या मेंदूत हिरवे ठिपके लुकलुकत असल्याचे व्हिडीओ मोबाइलवर फिरतात आणि वर मथळा असतो, ‘विचार दिसले!’ प्रत्यक्षात दिसते ते पेशीतले कॅल्शियम.

मेंदूतील पेशी शांत असताना बाहेर कॅल्शियमचे १० हजार भाग असतील, तर आत जेमतेम एक असतो. पेशीतून विद्युत संदेश गेला की कॅल्शियम आत शिरते. ते टिपणारे ‘जीकॅम्प’ हे प्रथिन जुनइची नाकाई आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये २००१ साली तयार केले. जेलीफिशमधील हिरवे प्रथिन त्यात कॅल्शियम पकडणाऱ्या कॅल्मोड्युलिनशी जोडले आहे. कॅल्शियम चिकटले की त्याची ठेवण बदलते आणि निळ्या प्रकाशात ते अधिक चमकते. याचे जनुक पेशीत घातले, की पुढचे काम पेशीच करते. त्यामुळे शेकडो जिवंत पेशी एकाच वेळी पाहता येतात.

मात्र विद्युत संदेश एक-दोन मिलिसेकंदांत संपतो आणि चमक नंतरही रेंगाळते. त्यामुळे लागोपाठचे संदेश एकमेकांत मिसळतात. शिवाय हे प्रथिन स्वतःच कॅल्शियम धरून ठेवते. जीकॅम्प६ असलेल्या काही जातींच्या उंदरांच्या मेंदूत फिटसारख्या लहरी आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मोजमापाचे साधनच कधी कधी मेंदूचे वागणे बदलू शकते.

म्हणून एखादे औषध मेंदूवर ‘काम करते’ हा दावा केवळ अशा चमकीवर उभा असेल, तर सोबत विद्युत नोंदी आहेत का, हे आधी विचारायला हवे. संशोधकांनी त्या द्याव्यात आणि बातमी देणाऱ्यांनी त्या मागाव्यात.