चित्र जरा थांबवा!

मित्रांनो, संगणकाच्या तासाला पडद्यावर लहानमोठ्या रंगीत पट्ट्या उड्या मारताना तुम्ही पाहिल्या असतील. बघता बघता त्या उंचीप्रमाणे ओळीत उभ्या राहतात. आकडे चढत्या क्रमाने लावण्याची रीत, म्हणजे अल्गोरिदम, समजावी म्हणून हा खटाटोप. मौज वाटते खरी. पण खेळ संपल्यावर पाच पत्ते हाती देऊन ‘आता तुम्ही लावा’ म्हटले, तर? मी स्वतः असा फसलो आहे. चित्र पाहताना मान डोलावली होती, हात मात्र दुसऱ्याच पत्त्याशी अडला.

अशी चित्रे काही आजची नाहीत. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातील रोनाल्ड बेकर यांनी ‘सॉर्टिंग आउट सॉर्टिंग’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट तयार केला. त्यात क्रम लावण्याच्या नऊ रीती आणि अखेरीस त्या नऊ जणींची शर्यत! कोणती रीत रखडते, ते डोळ्यांना दिसते. एवढे काम चित्र उत्तम करते, हे मान्य. परंतु २००२ मध्ये हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी अशा चित्रांवरील २४ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा चित्रात काय दिसते यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राचा उपयोग कसा करतो, याला अधिक महत्त्व असल्याचे त्यांना आढळले.

म्हणून माझे म्हणणे असे, की चित्र मध्येच थांबवावे आणि पुढे काय होईल ते मुलांनी सांगावे. करूनच पाहा. ५, २, ४, १, ३ असे पत्ते मांडा. ‘बबल सॉर्ट’ या रीतीत शेजारचे दोन पत्ते ताडून पाहायचे. डावा मोठा असेल तर अदलाबदल करायची. डावीकडून उजवीकडे एक फेरी झाल्यावर ओळ कशी दिसेल? पुढे वाचण्यापूर्वी कागदावर लिहा हं!

२, ४, १, ३, ५ आले ना? ५ टोकाला पोचला, म्हणजे पुढच्या फेरीत त्याला हात लावायला नको. ही गोष्ट पत्ते हलवताना सुचते, नुसते पाहताना निसटते. आता तुलना मोजा. पाच पत्त्यांना जास्तीत जास्त १०, दहांना ४५ आणि हजारांना ४,९९,५००!

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपवायचा आहे, थांबायला वेळ कुठे? अडचण खोटी नाही. तरी पाच चित्रे पळवण्यापेक्षा एकच थांबत थांबत दाखवलेले बरे. आणि ते विसरलेच, तर तुम्ही हात वर करून म्हणा, “सर, जरा थांबवा. पुढचे आम्ही सांगतो.”