गुलाबी रंगाचे काय झाले?

‘व्हॅलेंटाइन डे म्हणजे दुकानदारांचा सण,’ असे आमचे एक सर म्हणतात. असेलही. पण शुभेच्छापत्र घरीच केले तर दुकानदाराला काय मिळते, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

भाऊ खराडीच्या आयटी पार्कात नोकरीला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ‘गिंप’ हे १९९६ पासून फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्र थराथरांनी रचतात. एक थर काढला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. यंत्राच्या कामात जिव्हाळा कसला, असे म्हणणाऱ्यांनी लोणावळ्याजवळच्या मळवलीचा रविवर्मा छापखाना आठवावा. तिथे एकेका रंगाला वेगळा दगड लागे. आणि त्या छापील लक्ष्मीपुढे घरोघर हात जोडले गेलेच की!

मी मात्र हावरटपणा केला. बदाम, फुगे, चकाकी, वर आयते इंग्रजी वाक्य! पडद्यावर झळकणारा गुलाबी रंग छापून आला तो मळकट. पडद्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश असतो, कागदावर चार शाया. ती झळाळी शाईत उतरत नाही. छापणारा म्हणाला, “पडद्यावरचं सगळं कागदावर येत नाही, दादा.”

सजावट खुशाल संगणकाने करावी, मजकूर मात्र आपला हवा, असे माझे मत तिथे झाले. एकेक थर काढत गेलो. उरले पांगाऱ्याचे एक फूल आणि कागदावर लिहून फोटो काढलेल्या माझ्या दोन ओळी.

तिने कार्ड उघडले, आणि आधी माझ्या अक्षराला हसली.