एक अख्खे लग्न दाखवा

घरात लग्न ठरले की कामांचा एक क्रम लागतो. आधी मुहूर्त, मग कार्यालय, मग आचारी. त्यानंतर पत्रिका, बस्ता, दागिने. फोटोग्राफर या यादीत पूर्वी अगदी तळाशी असे. ओळखीतला कोणी स्टुडिओवाला असायचा, त्याला तारीख कळवली की काम संपले. आता तो बराच वर सरकला आहे. काही घरांत तर कार्यालयाच्याही आधी त्याची तारीख धरून ठेवतात. खर्च त्याच प्रमाणात वाढला. निवडण्याची रीत मात्र सुधारली नाही. मोबाइलवर चार देखणे फोटो पाहायचे, पॅकेज विचारायचे, थोडी घासाघीस करायची आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळे व्हायचे. साडी घेताना पदर, काठ, उलटी बाजू सगळे उलगडून पाहणारी माणसे इथेच इतकी भोळी का होतात, कळत नाही.

ते चार फोटो खोटे नसतात. पण अनेक लग्नांतून ते वेचलेले असतात. मावळतीचे ऊन, मोकळे मैदान, नटलेली जोडी आणि हाताशी तासभर वेळ, एवढे असले की बेताचा फोटोग्राफरही बरे काम करून जातो. आपले लग्न असते भर दुपारी. वर ट्यूबलाइट, स्टेजवर जांभळे-हिरवे दिवे, भटजींची घाई आणि बोहल्याभोवती दोन्हीकडची चाळीस-पन्नास माणसे. त्या उजेडात माणसांचे चेहरे निळे पडतात की माणसांसारखे दिसतात, खरी परीक्षा तिथे आहे. म्हणून फोटोग्राफरकडे एकच मागणी करावी : एक अख्खे लग्न दाखवा. ज्या घरची हरकत नसेल अशा घरचे, आपल्यासारख्याच कार्यालयातले, दुपारचे, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. चांगला फोटोग्राफर या मागणीने चिडत नाही. टाळाटाळ झाली तर आपण दुसरे दार ठोठवावे.

अख्खे लग्न पाहताना आधी अंतरपाटाचा क्षण शोधावा. मंगलाष्टके पंधरा मिनिटे चालतात, पण अंतरपाट दूर होणे आणि दोघांनी एकमेकांकडे पाहणे हे काही सेकंदांचे काम असते. त्या वेळी हा गृहस्थ कुठे उभा होता? नवरीला बोहल्यावर आणणाऱ्या मामाचा चेहरा आहे का? माइकवर स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणताना कागद थरथरणारी आत्या आहे का? लाजाहोमाच्या वेळी भावाने नवरदेवाचा कान पिळला, तो सापडला की निसटला? सूनमुख पाहताना आरशात सासू-सून दोघी दिसतात, की आरशात फोटोग्राफरचाच फ्लॅश? रीत घरोघरी वेगळी असते. कोकणातल्या घरचे सगळे विधी विदर्भातल्या घरी होतातच असे नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो पहिल्याच भेटीत विचारतो, तुमच्याकडे झाल केव्हा असते, कानपिळी आहे का. पहिल्याच भेटीत जो फक्त ड्रोन आणि गाण्यांविषयी बोलतो, त्याने सिनेमा काढावा.

पूर्वी सगळे छान होते, असे मात्र कोणी म्हणू नये. रोलमध्ये ३६ फोटो असत, म्हणून फोटोग्राफर हात राखून काम करी हे खरे. पण निम्म्या फोटोंत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असत आणि ते कळे रोल धुऊन आल्यावर. १९९०च्या आसपास व्हिडिओ शूटिंग रुळले, तेव्हा हॅलोजनच्या झोतात नवरीचा मेकअप घामाने ओघळत असे आणि वायर सांभाळणाऱ्या पोऱ्याला पाहुणे अडखळत असत. आज वायर गेली, पण बोहल्यासमोर पाच-सहा कॅमेरेवाल्यांची भिंत उभी राहिली. अक्षता टाकायला आलेल्यांना दिसतात त्यांच्या पाठी. तेव्हा किती माणसे आणणार, हेही विचारावे. बहुतेक लग्नांना दोन पुरतात. त्यांत एखादी मुलगी असली तर उत्तम. नवरीच्या खोलीत नऊवारी नेसवणे चाललेले असते, तिथे ती निःसंकोच वावरू शकते.

पण सगळ्यांत महत्त्वाचे वेगळेच आहे. घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला फोटो शोधला जातो, आणि बहुधा तो कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये सापडतो. नवे जाकीट घातलेले काका, ठेवणीतली पैठणी नेसलेली आजी. बाजूची माणसे कापून तेवढा चेहरा मोठा करून घेतात. एरवी त्यांचा धड फोटो कोणी काढलेलाच नसतो. नवरा-नवरीचे पुढे हजार फोटो निघतील. खुर्चीवरून न उठू शकणाऱ्या आजोबांचा, पंगतीत आग्रह करणाऱ्या काकांचा तो कदाचित शेवटचा चांगला फोटो असेल. म्हणून अल्बम पाहताना कडेची माणसे पाहावीत. ती या फोटोग्राफरला दिसतात का?

इथे थोडा दोष घरच्यांकडेही जातो. हळदीला, ओटी भरायला विधवा काकूला मागे ठेवायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती रीत मोडायला हवीच. पण निदान अल्बममधून तरी तिला वगळू नका. पहाटेपासून रुखवत मांडत असते तीच, आणि ग्रुप फोटोच्या वेळी कोणी हाक मारत नाही म्हणून दाराशी उभी असते तीच. फोटोग्राफरला कोण कोणाचे ते ठाऊक नसते. त्याच्या हातात नावांची यादी देऊन उपयोग नाही. त्याच्याबरोबर घरातला एक चुणचुणीत भाचा द्यावा, ज्याला दोन्हीकडची माणसे ओळखता येतात. आणि त्याला वेळेवर जेवू घालावे. जिलेबी संपल्यावर शेवटच्या पंगतीत बसवलेल्या माणसाकडून पाठवणीच्या वेळी उत्साहाची अपेक्षा करू नये.

राहिले व्यवहाराचे. प्रत्यक्ष कोण येणार ते नावासह लिहून घ्यावे. दाट मुहूर्ताच्या दिवशी मालक एका लग्नाला आणि शिकाऊ आपल्याकडे, असे होते. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का, हे विचारावे. लग्न पुन्हा लावता येत नाही. अल्बम किती दिवसांत मिळणार तेही कागदावर असावे. आणखी एक : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. कराराच्या बारीक अक्षरांत तो हक्क आपण सोडून तर देत नाही ना, ते पाहावे. पाठवणीला रडणारी आपली मुलगी त्याच्या जाहिरातीत इंटरनेटवर दिसावी की नाही, हे आपण ठरवायचे, तेही आधी.

अल्बमला उशीर होतो तो मात्र नेहमी फोटोग्राफरमुळे नव्हे. तीन हजार फोटोंतून दीडशे निवडायचे काम घरात महिनोन् महिने पडून राहते. तोवर फोटो पेनड्राइव्हमध्ये आणि पेनड्राइव्ह कपाटात. अनेकांच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट अशाच कपाटात राहिल्या. २०१६ साली व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनीही थांबली, आता त्या लावायच्या कशावर? फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत, आणि अल्बमची वाट न पाहता आठवड्याच्या आत दहा-बारा साधे प्रिंट काढून आजोळी पाठवावेत. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला फारसे पैसे पडत नाहीत, आणि आजीला पेनड्राइव्ह उघडता येत नाही.