मधला तुकडा

कर्जतहून खोपोलीची लोकल सुटली की मी पेपर उघडतो. गेल्या पावसाळ्यात मात्र माझ्या एका विद्यार्थ्याने तो मिटायला लावला. मुलगा डोळवलीचा, मराठीत चांगला. पण इंग्रजी शब्द जरा लांबला की त्याची बोबडी वळायची.

"सर, समास सोडवतो तसे हे शब्द सुटत नाहीत का?"

सुटतात की! पण दोन तऱ्हांनी. एक तोड जिभेच्या सोयीची, दुसरी अर्थाची. आणि या दोघींचे जमतेच असे नाही. हेलिकॉप्टरच घ्या. जीभ म्हणते हे-लि-कॉप्-टर. अर्थ म्हणतो हेलिको आणि प्टर: ग्रीक भाषेतले मळसूत्र आणि पंख. हा पंख आपल्या 'पत्र' शब्दाचा सख्खा भाऊ, हे सांगितल्यावर स्वारी खूष झाली. शिवाय मी त्याला शब्द मागून पाहायला सांगितले. पुण्याच्या गाडीला घाट चढवायला कर्जतला मागून इंजिने लावतात ना, तसा इंग्रजी शब्दाचा बराच जोर शेवटच्या प्रत्ययात असतो.

मग हौसेने त्याला ४५ अक्षरांचा राक्षस दिला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या शौकिनांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी १९३५ साली तो गंमत म्हणून घडवला. अर्थ काय, तर ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार. उच्चाराचे तुकडे १९. केळवली येईपर्यंत पोराने ते पाठ केले. समोरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "कसलं स्तोत्र म्हणतंय हे?"

गणपती झाल्यावर तो पुन्हा भेटला. हातात डॉक्टरांचा कागद. वडील कित्येक वर्षे खडीच्या क्रशरवर होते. आता जिना चढवत नव्हता.

"सर, हा आपलाच शब्द. मधले डबे काढलेत फक्त."

न्यूमोकोनिओसिस. न्यूमो म्हणजे फुप्फुस, कोनि म्हणजे धूळ, ओसिस म्हणजे विकार. त्याने माझ्याआधीच फोड केली होती. मला काय बोलावे सुचेना. आत बसलेली धूळ औषधाने निघत नाही, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलेच होते.

तो त्यासाठी आलाच नव्हता. क्रशरच्या मुनीमाने कागद पाहून म्हटले होते, "न्यूमोनिया आहे. पावसात भिजला असेल." दोन्ही शब्दांचा आरंभ एक, शेवट कोण वाचतो? पण पावसात भिजल्याचे पैसे कोण देणार? न्यूमोकोनिओसिस मात्र कामामुळे होणाऱ्या रोगांत मोडतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि त्यावर भरपाई मागता येते. सारा फरक मधल्या 'कोनि'चा.

अर्ज आम्ही गाडीतच लिहिला. मला मास्तरकीची खोड. मी 'फुप्फुसधूलिविकार' असा शब्द सुचवला.

"नको, सर. त्यांना पुन्हा दुसरंच काही वाचायला मिळेल."

त्याने मूळ शब्द देवनागरीत ठळक लिहिला, कंसात प्रत्येक तुकड्याचा अर्थ दिला आणि 'कोनि'खाली दोनदा रेघ ओढली. मग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला. बाहेर पाऊस होता. डोळवली आली.