मुहूर्त साधला, पगार बुडाला

सरकारी कारभार संगणकावर चढविण्याचें मोठें काम निघालें, कीं त्यासाठीं एक स्वतंत्र कचेरी उभी राहते. प्रोग्रॅम मॅनेजमेंट ऑफिस हें तिचें नांव. ठरल्या दिवशीं आणि ठरल्या पैशांत काम उरकणारा तोच तिचा उत्तम प्रमुख, असें आमच्या कित्येक सुशिक्षित मित्रांचें मत आहे. आम्हांस तें सपशेल चुकीचें वाटतें. कॅनडांतील 'फिनिक्स' या पगारपद्धतीचा इतिहासच त्यास साक्ष आहे.

तेथील सरकारनें सुमारें २ लक्ष ९० हजार नोकरांचे पगार एकाच प्रणालींतून देण्याचें ठरवून २००९ सालीं तिच्या उभारणीस १५ कोटी ५० लक्ष डॉलर मंजूर केले. २०१२ सालीं कंत्राटदार कंपनीनें खर्चाचा अंदाज दिला, तो २७ कोटी ४० लक्षांचा! 'एवढ्या पैशांत हें होणार नाहीं,' असें वरिष्ठांस सांगणें हाच सरळ मार्ग होता. योजनेच्या चालकांनीं तो सोडला, आणि पैसा मागण्याऐवजीं कामच कापलें. मागील तारखेपासूनचे पगारांतील फेरफार हिशेबांत घेण्यासारखीं आवश्यक अंगें वगळलीं. एका खात्यापुरती योजिलेली चाचणीहि रद्द केली. शिवाय ४६ खात्यांतील सुमारें १२०० पगार-कारकुनांच्या जागा मोडल्या. २०१६ च्या फेब्रुवारींत मुहूर्त मात्र साधला. पुढें कोणास पगार कमी, कोणास जास्त, कोणास मुळींच नाहीं! २०१८ सालीं महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनीं या प्रकारास अनाकलनीय अपयश ठरविलें.

यावर प्रतिपक्षी म्हणतील, 'मुदतीचा धाक नसेल, तर सरकारी काम कल्पांतींहि संपणार नाहीं.' मुदत असावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु पैसा वाढवावा, मुदत वाढवावी, कीं काम सोडून द्यावें, हा निर्णय जनतेस जबाबदार असणाऱ्यांचा आहे. वाईट वार्ता वेळींच त्यांच्या कानांवर घालणें हा कचेरीच्या प्रमुखाचा पहिला धर्म. ती दडपून जो आपल्या तक्त्यांत 'काम वेळेवर' असा शेरा मारतो, तो लोकांच्या संसारावर परस्पर हुंडी काढतो.

महिन्याच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या वाचकांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. अशा प्रमुखाची परीक्षा घ्यावयाची असल्यास एकच प्रश्न पुरे: 'आपण वरिष्ठांस शेवटचा नकार केव्हां कळविला?' 'कधींच नाहीं,' असें उत्तर आलें, तर लोकांचे पगार त्याच्या हातीं देऊं नयेत.